शिसवाचं झाड उक्तं विकू नका



गेल्या आठवड्यात एक लाकूड व्यापारी रानात येऊन गेला. खंबाटकीच्या पायथ्याला ओढ्याच्या कडेनं आमची जमीन आहे, तिथं शिसवाची दोन झाडं उभी आहेत. आमच्या आज्यानं राखलेली. व्यापाऱ्यानं झाडाला मिठी मारली, वर बघितलं आन म्हणला, "दोन्हीचं उक्तं सांगा, उद्या रोख देतो." धाकटा म्हणतोय, देऊन टाकू, ठिबकचा खर्च निघंल. मी नाही म्हणलं. का नाही म्हणलं ते सांगायला ही नोंद.

तिथं पूर्वी तीन झाडं होती. २०११ साली थोरलीच्या लग्नाची नड होती, तवा एक असंच उक्तं दिलं. चौदा हजार आले. मला वाटलं बांधावरचं झाड, फुकटचे पैसे. पुढं एका वखारीत दाराच्या चौकटी घ्यायला गेलो, तिथं घनफुटाचा हिशोब कळला आन पोटात गोळा आला. पण खरं सांगू? मी फसलो का नाही हेसुद्धा मला सांगता येत नाही. कारण झाडाचं माप मी घेतलंच नव्हतं. ज्याचं माप नाही त्याची तक्रार कुणाकडं करणार?

आधी झाड ओळखा. शिसव आन शिसम यात लई गोंधळ होतो. उत्तरेतलं शिसम म्हणजे शिसू. ते वाढीला त्यामानानं जलद, पानाला टोक असतं, लाकूड सोनेरी तपकिरी. आपल्या सह्याद्रीतलं शिसव वेगळं. त्याच्या एका देठावर पाच ते सात पानं, गोलसर, शेंडा बोथट. गाभा जांभळट काळा आन त्यात काळ्या रेषा. ताजं कापलं की मंद गुलाबासारखा वास येतो, म्हणून इंग्रजीत त्याला रोझवुड नाव पडलं. रोपवाटिकेतनं शिसव म्हणून आणलेलं रोप बऱ्याचदा शिसू निघतं. रोप घेताना पान बघून घ्या.

मोल आहे ते गाभ्याला. जड, टणक, घडीव काम धरणारं, वाळवीला दाद न देणारं. जुन्या वाड्यातला शिसवी पलंग, शिसवी देव्हारा अजून जागचा हललेला नसतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत याच लाकडाचं कोरीव फर्निचर बनायचं, त्याला ब्लॅकवुड म्हणायचे. म्हैसूरचं जडावकाम याच्यावर चालतं. ब्राझीलच्या रोझवुडच्या व्यापारावर १९९२ साली जगभर बंदी आली, गिटार बनवणारेसुद्धा आपल्या शिसवाकडं वळलेले आहेत. पण बाहेरचं पांढरं लाकूड किडतं, सुतार ते काढून टाकतो. कोवळ्या झाडात पांढरंच जास्त. म्हणून दहा-बारा वर्षांत लखपती करणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. शिसव लावायचं ते नातवासाठी.

आता माप. छातीच्या उंचीला टेप लावून गोलाई घ्या. सरळ खोडाची लांबी घ्या. वखारीतला हिशोब असा: गोलाईला चारनं भागायचं, येईल त्याचा वर्ग करायचा, त्याला लांबीनं गुणायचं. पाच फूट गोलाई, दहा फूट लांबी धरली तर सव्वा गुणिले सव्वा गुणिले दहा, म्हणजे साधारण साडेपंधरा घनफूट. खरं गोल लाकूड भरतं वीस घनफुटाच्या आसपास. म्हणजे पाचवा हिस्सा हिशोबातच कमी धरला जातो. कापताना घट येते, म्हणून ती पद्धत पडली आहे. ते चालंल. पण निदान आपल्याला ठाऊक तरी पाहिजे. नुसत्या मिठीनं माप घेणाऱ्याला झाड देऊ नका.

दुसरी गोष्ट कागदाची. आपल्याकडं झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे, लाकूड हलवायला वाहतुकीचे नियम आहेत. शिसवाच्या परदेशी व्यापारावर २०१७ पासून सायटिस करारातनं नियंत्रण आहे. व्यापारी म्हणतो, "परवान्याचं मी बघतो." तो बघंल हो, पण सात-बारा आपल्या नावावर आहे. तोडायच्या आधी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन काय लागतं ते लेखी घ्या.

केरळात वायनाड जिल्ह्यात मुट्टिल गाव आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या सरकारनं पट्ट्याच्या जमिनीतली झाडं तोडायला सूट देणारा आदेश काढला. त्याचा आधार घेऊन शंभरावर शिसवाची झाडं पडली, त्यातली काही शेकडो वर्षांची. फेब्रुवारी २०२१ मध्ये आदेश मागं घेतला आन गुन्हे दाखल झाले. चौकशीचा फेरा जमीनमालकांच्या दारातसुद्धा गेला, त्यात आदिवासी शेतकरी होते. सूट शेतकऱ्याच्या नावानं, लाकूड दुसऱ्याच्या गाडीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरणात तोड आन वाहतूक सोपी करा असं म्हणलंय, ते बरोबरच आहे. ज्यानं लावलं, जपलं, त्याला तोडायला हेलपाटे पडत असतील तर बांधावर उगवलेलं रोप कोण राखणार? तो विळ्यानंच कापणार. पण नोंद आधी, सूट नंतर. कोणत्या गटात किती झाडं, किती गोलाईची, हे कागदावर असलं तर चोरीचं लाकूड आन शेतकऱ्याचं लाकूड वेगळं ओळखता येईल. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. पीक भरताना आपण ते सोडून देतो. यंदा सोडू नका.

आमच्या दोन्ही झाडांना काल धाकट्यानंच टेप लावला. एक पाच फूट दोन इंच, दुसरं चार फूट सात इंच. वहीत तारीख घालून लिहिलं. तोडलेल्या झाडाच्या मुळावर नांगर लागून फुटवे आलेत, त्यातला एक सरळ ठेवून बाकीचे काढले. ठिबकचं बघू, उसाच्या बिलातनं करू. उद्या विकायची वेळ आलीच तर विकू, पण मापून आन कागद हातात घेऊन.

तुमच्या बांधावर शिसव असंल तर गोलाई मापून कळवा.