मरणाऱ्या जहाजाला कोणाचं निशाण?

1989 च्या मार्चमध्ये अलास्काच्या समुद्रात तेल सांडून जगभर बदनाम झालेलं ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ 2012 मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्याला मोडीत निघालं. पण त्या नावाने नाही. मधल्या 23 वर्षांत त्याची नावं अनेकदा बदलली. तेल सोडून खनिज वाहायला लागल्यावर ते ‘डाँग फांग ओशन’ झालं आणि शेवटच्या फेरीपुरतं ‘ओरिएंटल नाइसिटी’. त्याला किनाऱ्याला लागू द्यावं की नाही, याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अखेर जुलैच्या शेवटी परवानगी मिळाली.

मोडीत काढण्याआधी नाव आणि निशाण बदलणं ही या धंद्यातली जुनी रीत आहे. मालक म्हातारं जहाज अलंगच्या व्यापाऱ्याला सहसा थेट विकत नाही. मध्ये ‘कॅश बायर’ येतो. तो रोख मोजून जहाज घेतो आणि कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स अँड नेव्हिस यांच्यासारख्या देशाची थोड्या काळाची नोंदणी काढतो. पलाऊची लोकसंख्या वीस हजारांच्याही आत! जहाजाच्या कुशीवरची दोन-चार अक्षरं रंगाखाली जातात, उरलेल्यांतून नवं नाव तयार होतं.

यात बेकायदा काही नाही, हीच गंमत. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम 92 प्रवासात निशाण बदलायला मनाई करतं, पण मालकी खरोखर बदलली असेल तर मोकळीक देतं. इथे विक्री खरीच झालेली असते. युरोपीय संघाचं निशाण असलेलं जहाज संघाच्या मान्यतायादीतल्या यार्डातच मोडावं लागतं. निशाण उतरवलं की ती अटही उतरते.

1958 च्या कायद्याच्या जागी संसदेने 2025 मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा केला. भारतात मोडायला आणलेल्या जहाजांना तात्पुरती भारतीय नोंदणी देण्याची सोय त्यात आहे. भंगारावर तिरंगा कशाला, असं कोणी म्हणेल. (आपल्या व्यापारी जहाजांचं निशाण लाल असतं, तिरंगा त्याच्या कोपऱ्यात असतो, ही बाब वेगळी.) तरीही तरतूद योग्यच आहे. जहाज इथल्या चिखलात, इथल्या मजुरांच्या हातांनी कापलं जाणार असेल, तर त्याचा जाबही इथेच विचारता यायला हवा.

26 जून 2025 पासून लागू झालेल्या हाँगकाँग करारानुसार मोडण्यापूर्वीची अखेरची तपासणी करून जहाज त्यासाठी तयार असल्याचा दाखला देणं, ही निशाणाच्या देशाची जबाबदारी आहे. ॲस्बेस्टॉस कुठे आहे, टाक्यांत किती गाळ उरलाय, याची यादी त्यात तपासली जाते. हे काम दूरच्या बेटाने नेमलेल्या एजंटावर सोपवायचं की मुंबईत कांजूरमार्गला बसणाऱ्या नौवहन महासंचालनालयाने करायचं?

खलाशांचं तर फारसं कोणी बोलतच नाही. पगार थकवून मालक गायब झाला, तर खलाशांना घरी पोचवण्याची पहिली जबाबदारी निशाणाच्या देशावर येते. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या 2024 च्या नोंदींत वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांमध्ये भारतीय सर्वाधिक होते. त्या यादीचा अर्थ रत्नागिरी-रायगडातल्या दर्यावर्दी घरांना समजावून सांगावा लागत नाही.

धोका वेगळाच आहे. ही सोय आणताना सरकारच्या मनात अलंगचा धंदा वाढवणं आहे, आणि धंद्याला घाई असते. फी भरली की कागद हातात, असं झालं तर कोमोरोसच्या रांगेत आणखी एक स्वस्त निशाण येईल, एवढंच. म्हणून घातक पदार्थांची पडताळलेली यादी, खलाशांच्या पगाराची हमी आणि त्यांच्या परतीच्या तिकिटाची रक्कम आधी जमा झालेली असावी. यांतलं एक जरी नसेल, तर जहाज भरतीची वाट पाहत उभं असलं तरी अर्ज परत पाठवावा.