भातुकली मुलग्यांचीही



मुलग्याच्या हाती भातुकली दिली तर तो ‘बायकी’ होईल, हे एका पत्रलेखकाने मांडलेले मत मला मुळीच पटले नाही. तीन-चार वर्षांचे मूल घरात जे बघते तेच खेळते. चूल मांडणे, बाहुलीला थोपटून निजवणे ही त्याची घराची ओळख असते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले, ते योग्यच केले. सावंतवाडीच्या चितारआळीतले कारागीर खेळण्यातले लाकडी पोळपाट-लाटणे काय फक्त मुलींसाठी घडवतात? मुलीने ट्रक मागितला की कौतुक आणि मुलाने बाहुली मागितली की धपाटा, हा कुठला न्याय? धपाट्याने त्याची आवड जात नाही. तो लपून खेळू लागतो. बालवाडीत शिकवताना मी हे पाहिले आहे, आणि त्याचे फार वाईट वाटते.

— एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, सातारा