नशीब ‘काढलं’ म्हणजे काय?

इंग्रजीत ‘लक आऊट’ असं एक बोलीतलं क्रियापद आहे. क्रिकेटमुळे आपल्या कानांना ‘आऊट’ म्हणजे बाद, त्यामुळे याचा अर्थ ‘नशीब संपलं’ असाच वाटतो. अमेरिकन बोलीत मात्र अर्थ नेमका उलटा : ‘शी लक्ड आऊट’ म्हणजे तिचं नशीब फळफळलं. नशिबाने पाठ फिरवली, तर ‘आऊट ऑफ लक’.

मराठीत याला काय म्हणाल? ‘लॉटरी लागली’, ‘तुक्का लागला’ आहेतच. पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते ‘नशीब काढलं’. इथेही काहीतरी ‘बाहेर’ येतंच ना! फरक एवढाच, की आपण जे जे काढतो – विहिरीतलं पाणी, गाईची धार, शेतातला भुईमूग, वाईट दिवस – त्यातलं काहीच आपोआप निघत नाही.

तरी हे आपण म्हणतो कधी? चांगलं स्थळ मिळालं, की ‘पोरीनं नशीब काढलं!’ आमच्या भेस्तानात आता नोकरी लागलेल्या मुलीलाही हेच ऐकावं लागतं. धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटासाठी सुरतेला आलेली ही घरं. लूमवर बारा तासांची पाळी करणारा बाप, घरी साड्यांवर खडे चिकटवणारी आई आणि त्याच खोलीत अभ्यास करणारी पोरगी. तिच्या यशाला नुसतं नशीब म्हणणं म्हणजे तिघांची मेहनत एका शब्दात पुसून टाकणं. भावाला नोकरी लागली, की तो मात्र ‘हुशार’!

नशीब नसतंच, असं मी म्हणत नाही. बायबलमध्ये यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना चिठ्ठ्याच टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. पण तिथे जमलेल्या सुमारे १२० जणांच्या नावाने चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. पहिल्यापासून येशूसोबत राहिलेले दोघे आधी पुढे केले, मग चिठ्ठी. आणि ज्याची चिठ्ठी निघाली नाही, तो योसेफही तितकाच लायक होता.

म्हणून ‘नशीब काढलं’ जरूर म्हणा, पण ‘काढलं’वर जोर देऊन. मुलग्यालाही म्हणा. आणि जिची चिठ्ठी निघाली नाही, तिला ‘अभ्यासच केला नसेल’ असं म्हणू नका.