उडालं तरी धोका, नाही उडालं तरी

25 मार्च 2020 पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं जमिनीवर होती. मी तेव्हा वसमतला घरून कोड लिहीत होतो. लाईट गेली तरच काम अडायचं. पायलटचं तसं नसतं. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या 90 दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली लागतात. म्हणजे लॉगिन केलं नाही तर अकाउंट लॉक, असंच समजा.

मग उडायचं? 7 मेपासून एअर इंडियाचे पायलट ‘वंदे भारत’मध्ये परदेशात अडकलेल्यांना आणत होते. 10 मेच्या सुमारास मुंबईतले पाच पायलट पॉझिटिव्ह निघाले, लक्षणं काहीच नाहीत; फेरतपासणीत निगेटिव्ह आले. मधले दिवस त्यांनी कसे काढले असतील? कारण लायसन्स चालतं ते क्लास 1 मेडिकलवर, आणि फुप्फुसात किंवा हृदयात काही राहिलं तर आपल्यासारखं ‘बसून काम करतो’ म्हणता येत नाही. उड्डाणाआधी नळीत फुंकायची दारूची चाचणीसुद्धा संसर्गाच्या भीतीने मार्चमध्येच थांबवली होती. मेडिकल गेल्यावर पगाराचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच. माझ्या मते पीपीई किटसोबत तेही लेखी द्यायला हवं होतं.