ग्रहणाला दोष, बाळाला लंगड

बाळाचे पाऊल आत वळलेले आणि टाच वर ओढलेली दिसली की घरात पहिला जाब विचारला जातो तो बाळंतिणीला. "ग्रहणात काय चिरलंस गं?" भगिनींनो, आम्ही स्पष्टच सांगतो, ग्रहणाचा आणि पावलाचा काडीचाही संबंध नाही. हजारात एखादे बाळ असे जन्मते. मुलांत हे प्रमाण मुलींच्या दुप्पट आहे आणि सुमारे निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. नुसत्या तेल-मालिशने ते सुटत नाही.

उपाय मात्र साधा आहे. स्पेनमध्ये जन्मलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी तो अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. डॉक्टर पाऊल हातानेच हलके थोडे वळवतात आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर घालतात. आठवड्याने ते काढून आणखी थोडे वळवायचे, की पुन्हा नवे प्लॅस्टर. अशी पाच-सहा प्लॅस्टरे लागतात. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात केलेली बरी, कारण तेव्हा सांधे कोवळे असतात. बहुतेक बाळांची टाचेमागची शीर बारीक छेद देऊन सोडवावी लागते. त्यानंतरचे प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात, तेवढ्यात शीर लांब होऊन जुळते.

खरी कसोटी पुढेच. दांडीने जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालायचे. "पाय तर सरळ झाला, कशाला छळता लेकराला?" असे आजी म्हणते, बूट फळीवर जातात आणि पाऊल पुन्हा वळते. आजीची माया आम्हाला कळते, पण इथे तिचे ऐकू नये.

आमचा जन्म हिशेबाच्या वहीत गेला, म्हणून हाही हिशेब मांडतो. दर आठवड्याला एक खाडा, म्हणजे पाच-सहा दिवसांची मजुरी. ती एकट्या आईनेच का बुडवावी? बापानेही बाळाला घेऊन रांगेत उभे राहावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा उपचार मोफत आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा.

प्लॅस्टर भिजू देऊ नका. बोटे निळी, थंडगार किंवा सुजलेली दिसली तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.