चारशे रुपयांची टाकी

दसरा झाला की आमच्या शिरूर कासार तालुक्यातली गावं हळूहळू ओस पडायला लागतात. कोयते, तवा, पिठाची डबडी, शेळी, कोंबड्या आणि लेकरं, सगळा संसार गाडीत चढतो. कुणी सांगली-कोल्हापूरला जातं, तर कुणी थेट बेळगावकडं.

गाडी निघायच्या आधी मुकादम आणि गाडीमालक तिची तयारी करतात. अशाच एका ट्रकला वेल्डिंगच्या दुकानापुढं दुसरी टाकी बसवताना मी पाहिली. टाकी भंगारातून आणलेली. चासीच्या रिकाम्या बाजूला पट्ट्या जोडून ती टांगली होती आणि मूळ टाकीला नळीनं जोडायचं काम चाललं होतं. मी सहज विचारलं, तर ड्रायव्हर हसला. म्हणाला, "ताई, डिझेल स्वस्त असंल तिथं भरून घ्यायचं. चार दिस बघायला नको."

"आणि पेटलं तर?"

"डिझेल काय पेट्रोलवानी पेटत असतंय व्हय?"

त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. डिझेल पेट्रोलसारखं एका ठिणगीनं भडकत नाही. पण मैत्रिणींनो, रॉकेलसुद्धा भांड्यात असताना शांतच असतं. तेच वातीत चढलं की कंदील रात्रभर जळतो. डिझेल रॉकेलचाच भाऊ. गळक्या जोडातून ते चिंधीत, गोधडीत, वाळल्या पाचटात झिरपलं, की गाडीभर वाती तयार होतात. तापलेल्या सायलेन्सरवर त्याचा फवारा उडाला, तर काडी ओढायचीही गरज नाही.

कंपनीची टाकी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा नव्हे. मोठ्या टाकीत आडवे पडदे असतात, त्यामुळं वळणावर आतलं डिझेल एकदम एका बाजूला आदळत नाही. झाकणाला हवा खेळायची सोय असते. उन्हानं डिझेल फुगतं, म्हणून वर थोडी जागा मोकळी ठेवावी लागते. ती कुठं टांगली म्हणजे धक्का कमी बसेल, याचाही विचार केलेला असतो. दोनशे लिटर डिझेलचं वजन दीडशे किलोच्या वर जातं. एवढा भार गावठी पट्ट्यांवर, आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं!

त्यात वेल्डिंग करणाऱ्या पोराच्या जिवाला वेगळाच घोर. रिकामी टाकी जास्त फसवी असते. डिझेल संपलं तरी आत वाफ राहते, आणि वेल्डिंगची आग लागताच टाकी बाँबसारखी फुटू शकते.

१ जुलै २०२३ ची पहाट आठवते? समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. त्या बसची टाकी कुणी वाढवली होती, असं माझं म्हणणं नाही. पण उलटलेल्या गाडीत डिझेल काय करतं, ते त्या पहाटे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. जिथं आधीच एवढा धोका, तिथं आपण आणखी एक टाकी टांगायची?

आता बायकांच्या पद्धतीनं हिशेब मांडू. पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीत नाही. राज्याराज्याचा कर वेगळा, म्हणून भावही वेगळा. लिटरमागं दोन रुपये वाचले असं धरलं, तर दोनशे लिटरला चारशे रुपये होतात. ट्रकनं लिटरला चार किलोमीटर दिले तरी दोनशे लिटरमध्ये आठशे किलोमीटर जाता येतं. म्हणजे कोल्हापूर गाठायला मूळ टाकी पुरून उरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या कागदाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चारशेसाठी पाच हजार! आणि अपघात झालाच, तर विमा कंपनीही हेच कारण पुढं करून हात वर करू शकते.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. ते चारशे रुपये मालकाच्या खिशात जातात. त्या टाकीच्या वर, सामानाच्या ढिगावर बसते ती आपली बाई, पोटाशी तान्हं लेकरू घेऊन. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतली की तिचेही हात राबतात, पण "गाडीला काय जोडलंय" हे तिला कुणी सांगत नाही. आणि तीही विचारत नाही. गाडी म्हणजे पुरुषांचं काम, असं आपणच धरून चाललो.

उचलीचा आकडा ठरतो तेव्हाच मुकादमाला विचारा, टाकी कंपनीची आहे का? जास्तीचं डिझेल कुठं ठेवणार? कॅन आमच्या सामानात नको, हे स्पष्ट सांगा. चुलीचं सामान आणि डिझेल एका गाडीत नको. वाटेत डिझेलचा उग्र वास आला, तर लाजू नका, गाडी थांबवायला लावा. एकटीनं बोलायला जड जात असेल, तर टोळीतल्या चौघी मिळून बोला. आणि मोठी टाकी खरंच हवी असेल, तर मालकानं आधी आरटीओत विचारावं, कागदावर चढवावं, मग बसवावी.

घरात गॅसचा वास आला तर आपण आधी खिडकी उघडतो, मग बाकीचं बघतो. गाडीत चढतानाही नाक तेवढंच जागं ठेवा, बायांनो. हंगाम संपल्यावर सगळी लेकरं घरी परत यायची आहेत.