ऐकणाऱ्याचं कोण ऐकणार?

"सुख सांगावे जना, दुःख सांगावे मना" ही म्हण मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवली, पण मनापासून ती मला कधी पटली नाही. मनात कोंडलेलं दुःख विरत नाही, मुरत जातं. सरकारी नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यात सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले. हा आकडा वाचून झोप उडते...

हल्ली काही महाविद्यालयांत थोडं प्रशिक्षण देऊन विद्यार्थ्यांनाच 'सोबती' नेमतात. कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७० साली 'नाइटलाइन' सुरू झाली. रात्री विद्यार्थीच फोनजवळ बसतात, उपदेश करत नाहीत, नुसतं ऐकतात. मला हे फार आवडलं. रात्री दीड वाजता समुपदेशकाच्या दाराला कुलूप असतं, पण वसतिगृहात शेजारच्या खोलीतला दिवा चालू असतो. आणि मुलं जे आईवडिलांना सांगत नाहीत, ते मित्राला सांगतात.

पण मंडळी, ऐकणारं पोरही एकोणीस-वीस वर्षांचंच असतं, हे विसरून कसं चालेल? "कुणाला सांगू नकोस, तुला शपथ आहे" असं म्हणून मैत्रिणीनं जीव देण्याचा विचार बोलून दाखवला, तर त्या मुलीनं ते ओझं एकटीनं वाहायचं का? मुळीच नाही. सोबत्यानं सुरुवातीलाच सांगावं, "तुझं गुपित माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी मोठ्यांना सांगणार." ही चहाडी नव्हे. शपथ मोडली तर मोडू दे, जीव वाचला पाहिजे.

दुसरं असं, की सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे. त्याचं काम ऐकण्याचं आणि योग्य माणसाच्या दारापर्यंत बरोबर जाण्याचं. तो योग्य माणूस संस्थेत असायलाच हवा. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. पगार वाचवायला फुकटचे सोबती पुढे करणं म्हणजे मुलांच्या चांगुलपणाचा गैरफायदा. रात्रीअपरात्री गरज पडली तर 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तो प्रत्येक सोबत्याला पाठ हवा.

प्रवेश घेताना आपण फी विचारतो, खानावळ बघतो. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारा. इथे समुपदेशक कोण आहे? आणि जी मुलं दुसऱ्यांचं ऐकून घेतात, त्यांचं कोण ऐकतं?